लाइकचं बटण आम्ही दिलं नाही

चर्चेच्या सॉफ्टवेअरमध्ये अमुक सोय हवी असं सांगायला जो येतो, तो बहुतेक वेळा लिहिणारा असतो. दिवसातून दहा वेळा लिहिणारा. त्याला आपलं लिहिणं ठळक करायचं असतं, मागाहून दुरुस्त करायचं असतं, पुसायचं असतं, कोणी वाचलं ते बघायचं असतं. वाचणारा काहीच मागत नाही. कंटाळला की तो यायचा थांबतो, आणि तो थांबला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. बमरोलीत बसून गेली काही वर्षं मी जे काम करते आहे त्यात हाच पेच रोज समोर असतो. आमची छोटी कंपनी चर्चेचं सॉफ्टवेअर बनवते. त्यात पडद्यावर काय ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवणं माझ्याकडे आहे.

बमरोली म्हणजे सुरतेच्या दक्षिण अंगाला, उधना आणि पांडेसऱ्याला चिकटून असलेली वस्ती. लूमची खाती, म्हणजे विणकामाचे कारखाने, त्यांच्या मागे चाळी, चाळींच्या पुढे आता झालेल्या सोसायट्या. माझे वडील दोंडाईच्याकडचे. खानदेशातल्या माणसासाठी सुरतेला येणं सोपं होतं, ताप्ती लाइनची गाडी धरायची आणि उधन्याला उतरायचं. वडील लूमवर लागले, आम्ही भावंडं महापालिकेच्या मराठी शाळेत गेलो. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, गल्लीत गुजराती आणि खात्यात सगळ्यांची मिळून हिंदी. चर्चेचं सॉफ्टवेअर लिहायला याहून चांगली तयारी कुठे झाली असती असं मला वाटत नाही.

मराठीत नेटावर चर्चा होते हे मला बमरोली रोडवरच्या एका सायबर कॅफेत कळलं. ‘मायबोली’ तेव्हाही जुनी होती, १९९६ पासूनची. ‘मनोगत’ २००४ मध्ये आलं, ‘मिसळपाव’ २००७ मध्ये, ‘ऐसी अक्षरे’ २०११ मध्ये. मी तिथे लिहीत नसे, नुसती वाचायची. तासाचे पैसे भरून वाचणारीला लिहायला वेळ कुठला! पुढे नोकरीत ड्रुपल नावाचं सॉफ्टवेअर शिकायची वेळ आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की ही सगळी स्थळं ज्या यंत्रावर चालतात ते हेच. ड्रुपलचा जन्मही तसा गमतीशीर आहे. बेल्जियममध्ये अँटवर्पच्या विद्यापीठात शिकणाऱ्या द्रीस बॉयतार्तने वसतिगृहातल्या मित्रांसाठी एक निरोप-फलक बनवला होता. तो २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि त्याचं ड्रुपल झालं.

वाचता वाचता एक गोष्ट मनात बसली होती, तिचा उपयोग नंतर झाला. जी सोय यंत्रात नसते ती लोक अक्षरांनीच बनवून घेतात. मिसळपाववर लिहिलेला प्रतिसाद पुसायचा असेल तर माणूस आतला मजकूर काढून तिथे ‘प्रकाटाआ’ लिहायचा, म्हणजे ‘प्रतिसाद काढून टाकला आहे’. लाइकचं बटण नव्हतं, तर ‘+१’. पुढच्या भागाची वाट बघतोय हे सांगायला ‘पुभाप्र’, म्हणजे ‘पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत’. या खुणा कोणी ठरवून दिल्या नव्हत्या. गरज खरी असली की ती अशी उगवते, आणि नुसतीच हौस असली तर ती मागणीच्या अर्जात राहते. माझ्या कामात मी मागण्यांची यादी वाचते, नाही असं नाही. पण तिच्याआधी लोकांचे जुगाड वाचते.

आमचं पहिलं मोठं काम लूम चालवणाऱ्यांच्या एका मंडळाचं होतं. खात्यांचे मालक असलेले खातेदार, यंत्रं सांभाळणारे मास्तर, यार्नचे दलाल, स्पेअर पार्टवाले, सगळे एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते. तेव्हा ग्रुपची मर्यादा २५६ होती, म्हणून त्यांनी एकाचे तीन ग्रुप केले आणि मग एका ग्रुपमधलं दुसऱ्यात फॉरवर्ड करण्यासाठी एका पोराला बसवलं. प्रश्न मात्र संख्येचा नव्हताच. कोणीतरी विचारायचं, लूम थांबून पुन्हा चालू झालं की कापडावर आडवी पट्टी पडते, काय करावं? कोणीतरी जाणकार मास्तर नेमकं उत्तर द्यायचा. त्यावर वीस ‘गुड मॉर्निंग’ चढायचे. महिन्याने तोच प्रश्न, आणि तो मास्तर वैतागून गप्प. त्यांना हवी होती अशी जागा, जिथे बोललेलं नंतर सापडेल.

आम्ही त्यांच्या ग्रुपमधलं जुनं बोलणं परवानगीने वाचायला घेतलं. माझ्या भागीदाराला वाटत होतं हा वेळेचा नाश आहे, सरळ विचारून टाकू काय काय हवं. विचारलंही. उत्तरं आली: लाइक पाहिजे, फोटोला फ्रेम पाहिजे, कोण ऑनलाइन आहे तो हिरवा ठिपका पाहिजे, मालकाच्या नावापुढे सोनेरी चिन्ह पाहिजे. ग्रुपच्या वाचनातून निघालं ते वेगळंच. दलालाने यार्नचा भाव टाकला की हो म्हणण्याआधी तीन-चार जण त्याचा स्क्रीनशॉट काढायचे आणि उत्तरासोबत तोच परत चिकटवायचे. व्हॉट्सअ‍ॅपने २०१७ च्या शेवटी ‘सगळ्यांसाठी डिलीट’ दिलं, तेव्हापासूनची ही सवय. भाव टाकायचा, कोणी हो म्हटलं की बाजार बघून पुसायचा, असं एक-दोनदा घडलं होतं. स्क्रीनशॉटची मागणी कोणी केली नव्हती, आणि तरी सगळ्यात ठळक मागणी तीच होती.

म्हणून लिहिलेलं बदलण्याचा नियम आम्ही सगळ्यात आधी ठरवायला घेतला, आणि त्यावरच सगळ्यात जास्त भांडलो. भागीदाराचं म्हणणं, माणसाला स्वतःचं लिहिणं केव्हाही बदलता आलं पाहिजे. ते त्याचं आहे. माझं म्हणणं, उत्तर येईपर्यंत ते त्याचं आहे. उत्तर आलं की ते दोघांचं झालं. खालचा माणूस ज्या वाक्याला हो म्हणाला ते वाक्यच वरून काढून घेतलं, तर खालचा वेडा ठरतो. हा काही माझा शोध नव्हे. ड्रुपलच्या सहाव्या आवृत्तीत नियमच तसा होता: आपला प्रतिसाद आपल्याला संपादित करता यायचा, पण त्याला कोणी उपप्रतिसाद दिला की दार बंद. २०११ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा हा नियम गेला आणि त्याऐवजी चालकांनी द्यायची एक साधी परवानगी आली. प्रोग्रामर म्हणून मला नवीन पद्धत जास्त स्वच्छ वाटते. वाचणारी म्हणून जुना नियम शहाणा वाटतो.

अमेरिकेत जेफ अ‍ॅटवुड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘डिस्कोर्स’ आणलं, त्यांनी तिसरी वाट काढली. पहिल्या पाच मिनिटांत किरकोळ बदल करा, त्याची नोंद होत नाही. त्यानंतर बदललंत तर आधीचं काय होतं ते इतरांना पेन्सिलच्या खुणेवर टिचकी मारून बघता येतं. व्हॉट्सअ‍ॅपने तर संपादनाची सोय २०२३ पर्यंत दिलीच नाही, आणि दिली तीही पंधरा मिनिटांची, बदललेल्या निरोपाखाली तशी खूण ठेवून. म्हणजे जगभर सगळे याच दगडाला ठेचकाळलेत. आम्ही शेवटी ड्रुपलचा जुना नियम आणि डिस्कोर्सची सवलत जोडली: पाच मिनिटं किंवा पहिलं उत्तर, जे आधी होईल तोवर मोकळीक. त्यानंतर मूळ मजकूर तसाच राहील, दुरुस्ती त्याच्याखाली वेगळ्या ओळीत पडेल. भाव चुकला? खाली लिहा, ‘चुकला, आता अमुक’. एक दलाल फोन करून चिडला, “बेन, आ तो कोर्ट थई गयुं!” मी म्हटलं, “कोर्ट नाही भाई, पावतीबुक आहे.” तो हसला, पण खूश नव्हता. स्क्रीनशॉट मात्र थांबले.

उत्तरं एकाखाली एक कशी मांडायची, हा दुसरा जुना वाद. मराठी वाचकाला याचे दोन्ही नमुने माहीत आहेत. मायबोलीवर प्रतिसाद सपाट येतात, वेळेच्या क्रमाने, पानामागून पान. मिसळपाववर उपप्रतिसाद आत सरकत जातो. दोन माणसं जुंपली की मजकूर उजवीकडे सरकत सरकत इतका चिंचोळा होतो की एका ओळीत दोन शब्द. सरकवण्याचा फायदा खरा आहे, कोण कोणाला बोलतंय ते लगेच कळतं. सपाट मांडणीत अवांतर वाढलं की मूळ प्रश्न वाहून जातो. अ‍ॅटवुड सपाटच्या बाजूचा, त्याने त्यावर २०१२ मध्ये लेखही लिहिला होता. आमचं कारण त्याहून साधं. आमचा वाचणारा खात्याच्या दारात उभा, हाताला ग्रीस, फोनची काच तडकलेली. त्याला तिसऱ्या पायरीचं काही वाचता येणार नाही. आम्ही एकच पायरी ठेवली. प्रश्न, त्याखाली उत्तरं, आणि एखाद्या उत्तरावर बोलायचं असेल तर त्यातली ओळ वर आपोआप चिकटते, तिच्यावर बोट ठेवलं की मूळ जागी नेते. याहून खोल भांडायचं असेल तर फोन आहेच.

आता लाइक. शेठ लोकांचा त्यावर फार जीव होता. “बेन, लाइक तो जोईए ज.” फेसबुकने २००९ मध्ये ते बटण आणल्यापासून ते नसलेलं पान लोकांना अर्धवट वाटतं. मी ते द्यायला तयार नव्हते, आणि कारण अगदी बमरोलीचं आहे. ज्याच्या खात्यात आपण काम करतो त्या शेठच्या बोलण्याला मास्तर लाइक देणार नाही का? देणारच. न दिलं तर ते दिसतं. यार्न उधार देणाऱ्या दलालाच्या मताला खातेदार अंगठा दाखवणार, मत पटो न पटो. जिथे माणसं एकमेकांच्या देण्याघेण्यात अडकलेली असतात तिथे पसंतीचा आकडा हा हजेरीचा आकडा होतो. अनोळखी लोकांच्या जागेत ही अडचण कमी. अमेरिकेतल्या ‘स्लॅशडॉट’ने वाचकांकडून प्रतिसादांना उणे एक ते पाच अशी श्रेणी देण्याची पद्धत रुजवली, आणि तिच्यात एक फार चांगला नियम होता: ज्या चर्चेत तुम्ही स्वतः लिहिलंय तिथे तुम्हाला श्रेणी देता येत नाही. ‘ऐसी अक्षरे’ने हीच तऱ्हा मराठीत आणली: मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, खवचट, निरर्थक. मला ती वाचक म्हणून आवडते, विशेषतः ‘खवचट’. पण मंडळाच्या सभासदाला त्याच्याच गल्लीतल्या माणसाने ‘निरर्थक’ दिलं तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर काय होईल हे मला सॉफ्टवेअर न लिहिताही सांगता येतं.

पुन्हा ग्रुपच्या वाचनाकडे वळलो. तिथे कौतुकाचे अंगठे भरपूर होते, पण त्यांच्यामधून एक वेगळा शब्द सारखा येत होता: ‘सेम’. ‘मेरा भी’. ‘अमारे त्यां पण’. कोणी यंत्रातला बिघाड सांगितला की चार जण एवढंच लिहायचे. हे कौतुक नव्हतं, ती माहिती होती. एकाच बनावटीच्या यंत्रात एकच पार्ट सहा खात्यांत जातो आहे, हे त्या ‘सेम’मधून कळत होतं, फक्त मोजायला कोणी नव्हतं. म्हणून आम्ही अंगठ्याच्या जागी एकच बटण ठेवलं: ‘माझ्याकडेही असंच’. लिनक्सच्या जगात ‘लाँचपॅड’ नावाच्या बिघाड-नोंदणीच्या जागी असं बटण फार आधीपासून आहे, तिथून धीर आला. त्याने शेठची मर्जी राखता येत नाही, कारण शेठच्या शुभेच्छांवर ते दाबून उपयोग नाही. स्पेअर पार्टवाले आता सकाळी आधी तेच आकडे बघतात.

काही मागण्यांवर फार बोलावं लागलं नाही. सोनेरी चिन्ह नाही. सहीखालची सुविचाराची ओळ नाही. फोटोला फ्रेम नाही. हिरव्या ठिपक्याला आणि ‘वाचलं’ दाखवणाऱ्या निळ्या खुणेला मात्र मी नाही म्हटलं ते जरा जोरात. ती निळी खूण व्हॉट्सअ‍ॅपवर २०१४ मध्ये आली, आणि तिने वाचणाऱ्याला कर्जदार करून टाकलं: वाचलंस ना, मग बोल. आमच्याकडे लूमच्या पाळ्या बारा तासांच्या, सात ते सात. रात्रपाळीचा मास्तर दुपारी उठून फोन बघतो तेव्हा त्याने वाचलंय हे मालकाला कळायचं काही कारण नाही. एक खातेदार म्हणाले, “बेन, पैसे आम्ही देतो, वापरणारे आम्ही.” पैसे त्यांनीच दिले हे खरं. पण उत्तरं देणारे मास्तर होते, आणि मास्तर निघून गेले तर त्यांच्या पैशाला उरतं काय, हे त्यांना पटलं. निदान त्यांनी वाद सोडला.

आवाजाच्या निरोपांनी मात्र माझाच हिशेब अवघड केला. व्हॉइस मेसेज ही लिहिणाऱ्याची निखळ सोय. बोलणाऱ्याचं एक मिनिट वाचतं आणि ऐकणाऱ्या शंभर जणांचं एकेक मिनिट जातं. ते चाळता येत नाही, शोधता येत नाही, आणि विणकाम चालू असलेल्या खात्यात, जिथे आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, ऐकता तर मुळीच येत नाही. वाचणाऱ्याचा विचार आधी, या माझ्या नियमाने ते बाद. आणि मी ठरवलंही तसंच. मग ज्यांच्या उत्तरांसाठी एवढा खटाटोप चालला होता त्यांतल्या एका मास्तर काकांकडे गेले, तर ते म्हणाले, “ताई, माले टाइप कराले जमत नई. मी सांगस, तुम्ही लिखा.” त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. हात यंत्रावर घासून जाड झालेले, बोटाला काचेवरचं अक्षर सापडत नाही. खात्यांतल्या ओडिया कारागिरांची अडचण आणखी वेगळी, बोलायची हिंदी चांगली, लिहायची नाही. ही माणसं वाचणाऱ्यांतही नव्हती आणि लिहिणाऱ्यांतही. ती आमच्या हिशेबातच कुठे नव्हती, आणि यंत्राची खरी विद्या त्यांच्याकडे होती.

भागीदार म्हणाला, आवाजाचं आपोआप लिखाण करून घेऊ. तेव्हाच्या यंत्रणेला अहिराणी वळणाची, मध्येच ‘बीम’ आणि ‘नोझल’ येणारी हिंदी दिली की जे बाहेर पडायचं ते वाचून आम्ही खूप हसलो. शेवटी साधा मार्ग निघाला. आवाज चालेल, दीड मिनिटापर्यंत. पण त्याला यंत्राचं नाव आणि बिघाड यादीतून बोटाने निवडून जोडावा लागेल, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही त्याखाली सारांश लिहिता येईल. सारांश लिहिणाऱ्याचं नाव तिथे दिसतं. हे सारांश कोण लिहितं तर खात्यांमधली कॉलेजात जाणारी पोरं, मास्तरांची मुलं, भाची-पुतणे. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांतल्या काहींचं यंत्राचं ज्ञान त्यामुळेच वाढलं असं मास्तर काका सांगतात, आणि सांगताना पोरांना शिव्याही घालतात.

यादीत कोणीही न लिहिलेली एक सोय आम्ही आपणहून केली, ती शोधाची. मंडळात कोणी गुजराती लिपीत लिहितं, कोणी देवनागरीत. एकाच बिघाडाची उत्तरं दोन लिप्यांत विखुरलेली, आणि एका लिपीत शोधलं तर दुसरीतलं सापडणार नाही. इथे भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीचे उपकार आठवले. युनिकोडने भारतीय लिप्यांची घरं त्याच नकाशावर मांडली, म्हणून देवनागरी ‘क’ आणि गुजराती ‘क’ आपापल्या आळीत एकाच घरात राहतात. देवनागरी अक्षराच्या युनिकोड क्रमांकात ३८४ मिळवले की त्याच अक्षराचं गुजराती रूप मिळतं. ‘ळ’सुद्धा चुकत नाही. शोधायच्या आधी दोन्ही एका लिपीत आणायचं, झालं. कोडच्या मोजक्या ओळींचं काम. ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करायचं हेही त्यातच घातलं, कारण ‘पिकिंग’ लिहिण्याच्या चारही पद्धती बमरोलीत प्रचलित आहेत. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचं पूर्ण जुळलेलं नाही, ते काम चालू आहे.

आज त्या मंडळाच्या पडद्यावर सगळ्यात जास्त वापरली जाते ती ही शोधाची चौकट, त्याखालोखाल ‘माझ्याकडेही असंच’. दोन्ही कोणी मागितल्या नव्हत्या. मागण्यांच्या वहीत सध्या सगळ्यात वर ‘ग्रुप कॉल’ आहे आणि त्याखाली, पुन्हा एकदा, लाइक. दोन्हींची मागणी करणारी माणसं तीच आहेत, रोज दहा वेळा लिहिणारी. दोन्ही आम्ही देणार नाही.